दुबळा हात आधी

शिंपीकाकांचा डावा हात आणि डावा पाय एका सकाळी रुसले ते कायमचे. मग थोड्याच दिवसांत मुलाने त्यांना वृद्धाश्रमात आणून ठेवलं. उभा जन्म लोकांच्या अंगावर कपडे बेतण्यात गेला आणि आता त्यांच्याच अंगात शर्ट चढवायला दुसरं कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे वावटळ.

हे नाव तिला आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी दिलं होतं, अर्थात पाठीमागे. मदतनीस बाई ती. दार आपटत आत यायची, पांघरूण ओढायची, फोन खांद्याला धरून नवऱ्याशी भांडता भांडता काकांचं अंग पुसायची. काकांच्या वाट्याला यायचं ते "हं, वळा" आणि "हं, झालं". बाई मनाने वाईट होती असं नाही. तिच्याकडे पलंग फार होते, आणि माणसाला माणसासारखं वागवायला वेळ लागतो. पण ज्याचं पांघरूण ओढलं जातं त्याने हा हिशेब का करावा?

मग मॅनेजरने फर्मान काढलं. नर्सिंग असिस्टंटची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. लेखी पेपरला वावटळ घाबरत नव्हती. तिला धास्ती होती ती प्रात्यक्षिकाची. परीक्षक बाई कोपऱ्यात उभी राहून बघणार, सांगेल ती कामं करून दाखवायची, आणि पलंगावरच्या माणसाला प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, विचारायची. दार वाजवलं नाही, गुण गेला. पडदा ओढला नाही, गेला. हात धुवायला विसरलात तर बाकी सगळं पाण्यात.

"काका, नाहीतरी तुम्ही पडूनच असता," ती म्हणाली, "माझ्या सरावाला रोगी व्हाल का?"

"मी दुसरं काय आहे?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली तेव्हा काकांना वाटलं, कुणी पाहुणा आला. "आत येऊ का, काका?" वावटळच होती! तिने पडदा ओढला, ओला टॉवेल आधी त्यांच्या मनगटाला लावला आणि विचारलं, "फार गरम नाही ना?" आश्रमात आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मुलगा फोन करायचा तोही सांगायला, विचारायला नाही.

काका रोज सकाळपासून दाराकडे कान लावून बसू लागले. शेजारच्या पलंगावर एक पोस्टमन होता. एका हाताने लुळा, दिवसरात्र छताकडे बघत पडलेला, न बोलणारा, कुणालाही न ओळखणारा. काका त्यालाही ऐकवायचे, "आज माझे पाय धुणार आहे म्हणे. विचारून!"

पण परीक्षा जवळ आली तशी काकांची झोप उडाली. ही पास झाली की टकटक संपली.

एकदा कपडे बदलण्यावर तिची गाडी अडली. "काका, दुबळ्या हातात बाही आधी घालायची की चांगल्या? वर्गात सांगितलंय हो, पण माझं दर वेळी उलटसुलट होतं. तुम्ही शिंपी माणूस, तुम्हाला ठाऊक असणार."

ठाऊक नसायला काय झालं? हात मोडलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः शर्ट घालून बघितला होता. दुबळा हात आधी, चांगला मागून, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकले असते.

"चांगला हात आधी," काका म्हणाले. आणि तेही किती साळसूद चेहऱ्याने!

तेव्हापासून ती चांगला हात आधी घालायची आणि लुळा हात मागे ओढून बाहीत कोंबायची. कळ खांद्यातून थेट मस्तकात जायची.

"दुखतंय का, काका?"

"छे गं," काका दात आवळून हसायचे. एकदा नापास होऊ दे, मग पुन्हा तयारी आलीच. तिच्या नोकरीचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाजूला सारला.

ती नापास झाली. त्या दिवशी आली ती दार न वाजवताच. "परीक्षक बाई म्हणाली, खऱ्या रोग्याचा खांदाच उखडला असतास. आता एकदाच बसता येईल."

"अरेरे! मग उद्यापासून परत सुरू करू या की," काका म्हणाले. फारच लवकर म्हणाले.

वावटळीने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं."

काकांनी मान खाली घातली.

"माझ्या पोटावर पाय दिलात, काका. का?"

"तू विचारायचीस ना गं," काका म्हणाले. "म्हणून."

"एवढंच होतं तर सांगायचं मला," ती म्हणाली आणि गेली. काकांचा जीव भांड्यात पडला. मनाने चांगली आहे पोर, त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी टकटक झाली. "आत येऊ का?"

"ये, ये!" काका उशीवरून मान उचलून म्हणाले.

वावटळ त्यांच्या पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. दोन पलंगांच्या मधला पडदा तिने ओढून घेतला. मग पाण्याचा आवाज आला, हात धुतल्याचा. मग तिचा, अगदी मऊ.

"पोस्टमनकाका, मी आता तुम्हाला शर्ट घालणार आहे. दुबळा हात आधी घेऊ हं. दुखलं तर सांगा." परीक्षेत आणखी एक गोष्ट विचारायची राहिली म्हणून गुण गेला होता, तीही ती आज विसरली नाही. "कोणता घालू, निळा की पांढरा?"

पोस्टमन काय बोलणार? पण उत्तरासाठी थांबायचं असतं, म्हणून ती थांबली. बराच वेळ थांबली. पडद्याच्या अलीकडे शिंपीकाकांना ते थांबणं सोसवेना.

"निळा घाल," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं," वावटळ म्हणाली.