बाहेरून लावलेली कडी

माझा बा चाळिशी उलटेपर्यंत रात्री कधी झोपलाच नव्हता. तो गावचा जागल्या होता. त्याचा बापही जागल्या आणि आजाही जागल्या. दारव्ह्यापासून दीड कोसावरचं आमचं गाव. रात्रीची जेवणं आटोपली की बा घोंगडी पांघरायचा, लोखंडी कड्या बसवलेली काठी घ्यायचा आणि पहाटेपर्यंत गावाला फेऱ्या घालायचा. चावडी, विहीर, देवळामागची भिंत आणि शेवटी पाटलाचं फाटक. फाटकापाशी काठी आपटून "होऽ हुश्शाऽर" अशी हाळी द्यायची आणि थांबायचं. आतून कोणीतरी "हूं" म्हटलं की जागल्या जागा आहे याची त्यांना खात्री पटायची, आणि मगच पुढची फेरी. आतले गाढ झोपलेले असले तर बानं थंडीत हाळ्या देत उभं राहायचं. झोपलेल्यांनी जाग्या माणसाची हजेरी घ्यायची, असा तो न्याय होता. सकाळी या सगळ्याबद्दल भाकर मिळायची, घोंगडीच्या खोळीत वरून टाकलेली.

छप्पन साली बा वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्यावर वस्तीची बैठक झाली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, भाकर मागायची नाही, जागल करायची नाही, असं ठरलं. बानं चावडीवर जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून गावानं आपापलं जागावं." काठी मात्र त्यानं फेकली नाही, कारण लाकूड चांगलं होतं. मायनं ती पडवीत आडवी बांधून तिची वलणी केली. तिच्यावर गोधडी टाकली की कड्या वाजायच्या.

जागल सुटली, पण झोप काही लगेच आली नाही. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. बाजवळ धोंडाही होता आणि गोधडीही होती, नीज तेवढी नव्हती. पहिला सगळा हिवाळा तो प्रहराप्रहराला उठून बसला. दुसऱ्या वर्षी कधीतरी त्याला डोळा लागायला लागला, आणि तिसऱ्या वर्षी तो घोरायला लागला. माय नाल्यावर धुणं धुताना बायांना सांगायची, "आमच्या घरचा माणूस घोरते आता वो!" एखाद्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखं तिचं तोंड व्हायचं.

अशा घरातला मी वस्तीतल्या तरण्या पोरांबरोबर रात्र रात्र जागत होतो.

मी तेव्हा दारव्ह्याला मॅट्रिकच्या वर्गात होतो. आम्ही पाच जण. वस्तीत विहाराचा ओटा बांधून झाला होता, भिंती व्हायच्या होत्या. त्या ओट्यावर कंदील लावून आम्ही बसायचो. सुरुवातीला शिळा पेपर मोठ्यानं वाचायचो, ते खरंच चांगलं काम होतं. मग पत्ते आले. मग रॉकेल संपल्यावर अंधारातच नुसत्या गप्पा. रात्र थोडी आणि सोंगं फार. दोन वाजल्याशिवाय घर आठवायचं नाही आणि सकाळी वर्गात मास्तर फळ्यावर काय लिहितात ते दिसायचं नाही. बा एरवी कमी बोलणारा, पण यावर त्याची जीभ सैल व्हायची.

"कोणाची राखण करून राह्यले रे तुम्ही?" तो विचारायचा. "मीनं काम सोडलं, अन् तुम्ही फुकटात करून राह्यले."

मी म्हणायचो, "आम्ही आपल्या मनानं जागतो, बा."

"मनानं झोपून पाह्य एखाद्या वेळी," तो म्हणायचा. "लय मोठी गोष्ट आहे ते."

मला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं. आज माझं वय त्याच्याहून जास्त आहे आणि हे वाक्य मला दररोज रात्री ऐकू येतं.

त्या हिवाळ्यात एका रात्री पत्त्यांचा कंटाळा आला. एकजण म्हणाला, "पाटलाचा म्हातारा आताशा मजेत झोपत असन. उठवू या का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बाची हाळी मला येत होती. पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. मी घरी गेलो. पडवीतली वलणी सोडवताना कड्या वाजल्या आणि आत बाचं घोरणं थांबलं. मी श्वास धरून उभा राहिलो. घोरणं पुन्हा सुरू झालं, तसा मी निघालो.

पाटलाच्या फाटकापाशी मी काठी आपटली आणि हाळी दिली. अगदी त्याच्यासारखी, शेवटी आवाज जरा खाली सोडून. मग आतून झोपेतला म्हातारा आवाज आला, "हूं."

आम्ही नाल्यापर्यंत पळालो आणि पोट धरून हसलो. मी इतरांपेक्षा जास्त हसलो, कारण तो हुंकार ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो कोणाला कळू द्यायचा नव्हता.

बऱ्याच वेळानं मी काठी परत पडवीत बांधली. आतून घोरणं ऐकू येत नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं होतं. तरी मी दार लोटून पाहिलं नाही, खळ्यावर कडब्याच्या गंजीआड जाऊन झोपलो.

सकाळी उठून घरी आलो तेव्हा बा समोरून येत होता. घोंगडी पांघरलेली, पाय दवानं भिजलेले. अंगणात येऊन त्यानं घोंगडीची खोळ चाचपली. तिच्यात भाकर होती.

झालं होतं ते असं, पाटलाच्या गड्यानं मागाहून वस्तीत सांगितलेलं आणि मी जोडून घेतलेलं. माझी हाळी ऐकून बा झोपेतच उठला होता आणि जुन्या वाटेनं पाटलाच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला होता. आतून "हूं" येण्याची वाट पाहत, उजाडेपर्यंत. सकाळी गड्यानं फाटक उघडलं, त्याला पाहिलं, आणि आतून कोणीतरी म्हणालं, "आला का परत? बरं केलं." आणि गड्यानं खोळीत भाकर टाकली. ती पडल्यावर बाला जाग आली.

बा भाकर हातात घेऊन अंगणात बसला. ती ना खाता येत होती ना टाकता येत होती. मायनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पडवीच्या खांबाला टेकून रडली. मग तिनं वर वलणीकडे पाहिलं. काठीची गाठ तिची नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चूल पेटवायला गेली.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. वस्तीतले एक वडीलधारे म्हणाले, "हाळी आम्ही सगळ्यायनं आयकली. काठीच्या कड्याही आयकल्या. अन् सकाळी तुह्या खोळीत भाकर. आता तूच सांग."

बा उभा राहिला. "मी झोपेत गेलतो," तो म्हणाला. "हाळी देल्ली असन तं झोपेतच देल्ली. मले याद नाही."

कोणीतरी मागून हसलं. कोणीतरी म्हणालं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." माझे चार मित्र खाली मान घालून बसले होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. माराची भीती नव्हती, बानं मला कधी मारलं नाही. लाज वाटत होती. ज्या माणसानं गावासमोर काठी खाली ठेवली, तो लोकांसमोर आपली नसलेली चूक कबूल करत होता आणि मी कंदिलाची वात बघत होतो. त्यानंतर विहाराच्या कामात बाला कोणी काही विचारेना.

त्या रात्री बानं मला बोलावलं. "आजपासून तू पडवीत झोप," तो म्हणाला. "मी अंदर गेलो की बाहेरून कडी लाव. पुन्हा गेलो तं मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यची."

मी कडी लावायला लागलो. दररोज आतून आवाज यायचा, "लावली का रे कडी?" मी म्हणायचो, "हूं." तेवढं ऐकल्यावरच खाट करकरायची. मी बोललो नाही तर तो दाराआड उभा राहायचा. आपण काय म्हणत आहोत हे कळायला मला दोन-चार रात्री लागल्या. कळल्यावरही दुसरं काही म्हणता येईना. मित्र ओट्यावरून शिट्ट्या मारायचे, मी गेलो नाही. पण झोपलोही नाही. आत तो जागा आणि बाहेर मी, मधे दार.

मॅट्रिक झालो, यवतमाळला कचेरीत कारकुनी मिळाली. भाड्याच्या खोलीतही दोन वाजेपर्यंत माझा डोळा लागायचा नाही. शेजारचे म्हणायचे, तरुण माणूस, नाटक-सिनेमाचा नादी असेल. घरी कडी आता माय लावायची.

बा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा रजा काढून गेलो. तो पार वाळला होता, उठून बसायलाही आधार लागत होता. तरी रात्री त्यानं मला पडवीत पाठवलं आणि कडी लावायला लावली. चालू न शकणाऱ्या माणसाला मी कोंडलं. आतून आवाज आला, "लावली का रे?"

या वेळी मी हूं म्हटलं नाही. दाराला तोंड लावून म्हणालो, "बा, ते हाळी माही होती."

मी थांबलो. लांब कुत्रं भुंकत होतं, वलणीवरची गोधडी वाऱ्यानं हलली आणि कड्या वाजल्या. मग आतून आलं, "हूं."

ते जागेपणी म्हटलं की झोपेत, हे मला अजून कळलेलं नाही. कडी काढून आत जायला हवं होतं. मी बाहेरच बसून राहिलो, आणि सकाळी चुलीपाशी निजलेल्या मायनं येऊन कडी काढली तेव्हा बा गेलेला होता.