चालत्या जीपची पावती

जिल्हा नवा झाला त्या सुमाराला मी सेनगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात शाळेत शिकवत होते. खोली बाजाररस्त्यावरच होती. बाजाराच्या दिवशी रस्ता तुंबतो म्हणून पंचायतीने गाड्यांवर शुल्क बसवलं आणि वसुलीचा लिलाव केला. चूक तिथेच झाली. ज्याने लिलाव घेतला, त्याला गर्दी कमी झालेली कशी परवडेल? रस्ता जिथे अरुंद होतो नेमकी तिथेच त्याने दोरी बांधली. एकेक जीप अडवायची, पावती फाडायची, सुट्ट्यांवरून हुज्जत घालायची. मागे रांग थेट नाल्यापर्यंत.

जीपवाल्यांनी तोड काढली. सवाऱ्या नाल्यापलीकडेच उतरवू लागले. तांड्यावरून भाजी आणणाऱ्या बायांना तिथून डोक्यावर पाटी घेऊन चालावं लागे. बाजारात जागा आधी येईल त्याची. मिरच्या विकणारी एक म्हातारी माझ्या ओळखीची होती. ती पोचेपर्यंत सावलीतल्या जागा गेलेल्या असत आणि तिला गिऱ्हाईक फिरकत नाही अशा कोपऱ्यात बसावं लागे.

"रस्त्यात गाडी लावणाऱ्याला सोडून राहिले, अन् मला चालवून राहिले. काहून बाई?" तिने विचारलं.

मग चार बाजार मी खिडकीत वही घेऊन बसले. कोणती गाडी, कुठे अडवली, किती वेळ. दुकानदारांचे टेम्पो दिवसभर रस्त्यातच उभे असत, त्यांना कोणी विचारत नव्हतं. ग्रामसेवकाकडून ठरावाची नक्कल मागून घेतली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की शुल्क गाडीतळावर उभ्या राहणाऱ्या वाहनांवर आहे. चालत्या जीपचा उल्लेखच नव्हता.

ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं. सरपंच म्हणाले, "बाई, तुमी लेकरांची हजेरी घ्या, जीपांची कशाला?" सगळे हसले. मी तीच ओळ पुन्हा वाचली. तेव्हा ठेकेदार उठला. बाईंचं बराबर आहे म्हणाला, आणि लगेच दुरुस्ती सुचवली: दोरीपासून चौकापर्यंतचा सगळा रस्ता हाच गाडीतळ समजावा, म्हणजे दोरीशी अडवलेली जीपही तळावर उभीच ठरेल. हात वर करण्यात टेम्पोवाले दुकानदार सगळ्यांत पुढे होते; रस्त्यातले त्यांचे टेम्पो आता रीतसर तळावर उभे ठरणार होते, आणि पावती तर त्यांना कोणी मागतच नव्हतं. तांड्यावरचं कोणी नव्हतं, कारण सभेची दवंडी तिकडे गेलीच नव्हती.

मी तालुक्याला अर्ज केला. पोच मिळाली, उत्तर कधीच आलं नाही. म्हातारीने आमचा बाजार सोडला. ती आता तालुक्यातल्याच गोरेगावच्या बाजाराला जाते, असं तिच्या सुनेने सांगितलं. तिथे जीप बाजाराशी उतरवते, पण वाट लांबची, पोचेपर्यंत मिरच्या सुकतात. हे सगळं रीतसर ठराव करून झालं, याचा मला आजही संताप येतो.