कागदावरची सारिका

पौषातलं दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं, की उघड्या बाटलीतल्या डिंकाला एक आंबूस, कोंदट गंध सुटतो. शाळेतली चित्रकला शिकवण्याची नोकरी संपल्यावर मी धाराशिवात घरीच स्क्रॅपबुकं करून देऊ लागले. बारशांची, लग्नांची, पहिल्या वाढदिवसांची. तळाला जाड पुठ्ठा, त्यावर फाटक्या कडांचा हातकागद, त्यावर लेसची पट्टी, मग फोटो आणि सर्वांत वर फुलं, मोती, असे थरावर थर चढवताना मन हळूहळू निवांत होत जातं. दोन वर्षांपूर्वी, वेळ अमावास्येचा शेतातला सण होऊन आठेक दिवस झाले असतील, अशाच एका दुपारी बेंबळीच्या सुभद्राबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

त्यांच्या पिशवीत अकरा फोटो होते. सगळे त्यांच्या एकुलत्या लेकीचे, सारिकाचे. पहिल्याच बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही आणि सारिका गेली, मूल वाचलं. आठ महिन्यांची ती नात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला बापाच्या घरी होती, आणि बापाचं दुसरं लग्न माघात ठरलं होतं. नातीला आपली आई पाहता यावी म्हणून त्यांना वही करून हवी होती.

"तुमच्याच हाताखाली शिकली, बाई. चित्रं लई आवडायची तिला. ध्यानात आसंल तुमच्या."

मी मान हलवली. खरं म्हणजे मला ती आठवत नव्हती. इतक्या वर्षांत रिबिनी बांधलेल्या किती वेण्या माझ्यासमोर वाकून रंगवत बसल्या. त्या फोटोंतला शाळेच्या ओळखपत्रावरचा चेहरा त्यांतल्या कुणाचाही असू शकला असता. ते मान हलवणं मला अजून टोचतं.

पहिली चार पानं मी माझ्या रुचीनं केली. राखाडी कागद, एखादं दाबून वाळवलेलं फूल, भोवती पुष्कळ रिकामी जागा. लग्नाच्या फोटोतून नवरदेवाला कापून टाकायचं ठरवून पेन्सिलीनं रेघही आखली. आठवड्यानं सुभद्राबाई पाहायला आल्या आणि त्यांनी पानं माझ्याकडे परत सरकवली.

"हे न्हाय चालायचं, बाई. ही सुतकाची वही झाली. नवी सून येणार त्या घरात. आसली वही बघितली की माळ्यावर टाकतील. भडक करा. लई सजवा. खेळणं वाटाय पायजे." मग त्यांचं लक्ष त्या रेघेकडे गेलं. "आन् जावयाला कापू नका. त्यांच्याच घरात ऱ्हायचंय ह्या वहीला."

मी रेघ खोडली. त्यानंतरचे दहा दिवस त्या रोज सकाळच्या एसटीनं येत राहिल्या. मी चिकटवायची, त्या कापून द्यायच्या. टिकल्या, आरसे, लोकरीचे गोंडे, सारिकाच्या हिरव्या साडीचा काठ. एका फोटोत ती शेतात, कडब्याच्या खोपीपुढे बसलेली होती, हातात आंबिलीचा पेला, डोळे उन्हानं बारीक झालेले. त्या चेहऱ्याभोवती फुलांचा एक घेर झाला, की त्या म्हणायच्या, "आजून एक." प्रत्येक घेराबरोबर सारिका लहान होत चालली होती, हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असावं. त्या रडल्या नाहीत. डिंकानं माखलेली बोटं तेवढी पदराला पुसत राहिल्या.

लग्नाच्या आधी त्यांनी वही वाशीला नेऊन दिली. पुढं काहीच कळलं नाही. मीही विचारलं नाही. विचारण्याचं धैर्य मला झालं नाही, असं म्हणणं अधिक खरं.

यंदा कार्तिकात त्या पुन्हा आल्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. त्यांना थोडे गोंडे आणि टिकल्या हव्या होत्या.

"वही टाकली न्हाय त्यांनी," त्या म्हणाल्या. "नवी आईच पानं उलटून दावती तिला. चांगली हाय बाई, वंगाळ न्हाय. पर पोरीनं निम्म्या टिकल्या उपटल्यात."

पाण्याचा तांब्या तोंडाला लावून त्यांनी खाली ठेवला.

"फोटूला बाहुली म्हणती ती. 'बाहुली दे' म्हणती, आन् वही मागती."

"तुम्ही सांगितलं नाही का तिला?"

"काय सांगू? आई म्हणल्यावर तिला दुसरीच दिसती. आन् बाहुली न्हाय म्हणून सांगितलं, तर मागायचीच बंद व्हईल."

मी डब्यातल्या सगळ्या टिकल्या आणि गोंडे त्यांच्या पिशवीत घातले. त्यांना वाशीची गाडी धरायची होती. कार्तिकाचं पिवळं ऊन अंगावर घेत त्या गल्लीच्या टोकाला वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

टिकल्या आज ना उद्या गळतील, गोंडे सुटतील, त्या पोरीच्या नखांना अजून जोर येईल. एखाद्या पानावरचं शेवटचं फूल निघेल तेव्हा ती किती वर्षांची असेल आणि खालच्या बाईकडे बोट दाखवून तिनं 'ही कोण' असं विचारलं, तर उत्तर द्यायला त्या घरात कोण असेल, ते मला सांगता येत नाही.