मथुरावैनीचा थांबा

आमच्या मथुरावैनीला कुणाला अडचण सांगता येत नाही आणि मला तोंड आवरता येत नाही. कट्टा गावच्या काजू कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर काजूगर सोलायचो. तिच्या गुडघ्यांचं पार वाटोळं झालेलं. पण कारखान्याची गाडी तिच्या दारातल्या फणसाखाली यायची, म्हणून तिची नोकरी टिकून होती.

मग कॉलेजची पोरं आली. गाडीचा फेरा कमी करून डिझेल वाचवायचं, हा त्यांचा प्रोजेक्ट. पोरं गुणी होती, उगाच खोटं कशाला बोलू? घरोघरी फिरून विचारायची, गाडी कुठे थांबली तर चालेल? वैनीने त्यांना कोकम सरबत दिलं, घावणे वाढले, आणि म्हणाली, "खंयय थांबवा, आमका चलता."

आता दारात आलेल्या पावण्याला पहिल्या फटक्यात अडचण कोण सांगतं? त्याने पुन्हा विचारायचं, मग आपण खरं बोलायचं. पोरं बाहेरची. त्यांनी 'चलता' लिहून घेतलं आणि निघाली.

गाडी खाली तिठ्यावर थांबायला लागली. डिझेल खरंच वाचलं. त्या जोरावर मालकाने पावसातही कारखाना चालू ठेवला, आम्हाला काम मिळालं. वैनी मात्र संध्याकाळी तिठ्यावरून घरापर्यंतची घाटी, तो उभा चढ, चढताना दहादा बसायची. माझा जीव जळायचा.

"मालकाक सांग गो!"

"सगळ्यांचा बरा चललाहा. माझ्या एकटीसाठी कित्याक?"

गणपतीनंतर ती यायची बंद झाली. मालकाने तिच्या जागी दुसरी बाई बसवली. हे वैनीला सांगायला मी काही गेले नाही. अंगात त्राणच उरत नाही हो दिवसभर सोलून.

परवा तीच पोरं बक्षिसाचे पेढे घेऊन कारखान्यात आली. माझं डोकंच सणकलं. त्यांच्यातल्या दीपिकाला हाताला धरून मी थेट वैनीकडे नेलं.

"आजी, गाडी परत इथे आणू का?" पोरीने विचारलं.

"नको गो बाय, तुमका तरास होतलो."

"परत विचार," मी दीपिकाला म्हटलं.

तिने परत विचारलं. वैनीने पदर तोंडाला लावला. "घाटी चढूक जमणा नाय गो माका," म्हणाली आणि रडायलाच लागली.

दीपिकाचे डोळे भरले. तिने तिथूनच मालकाला फोन लावला. गाडी फणसाखाली आणायला तो तयार झाला. वैनीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"सुगंधा, माझी जागा आसा मा गो थंय?"

"आसा," मी म्हटलं.