पंख्यातला भंडारा

तापलेल्या मशिनवर आप्पा आधी हाताची पालथी बाजू ठेवायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी. मग म्हणायचे, "तापलंय म्हंजी कायतरी सांगतंय. ऐका की!"

शिरूरला त्यांचं दुकान होतं. आयुष्यभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त केल्या आणि उतारवयात कॉम्प्युटर उघडायला लागले. तुम्ही हसाल. मीही हसले होते.

त्या संध्याकाळी आमच्या टीमची गेमिंगची फायनल होती, आणि माझा कॉम्प्युटर गेम सुरू केला की तापून फटकन बंद पडत होता. केंदूरहून मी स्कूटर काढली. मागे माझे वडील, आबा, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं कॅबिनेट घेऊन. गेममधलं त्यांना ओ का ठो कळत नाही. पण पोरीचं यंत्र म्हणून दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा केली होती. "चालूच ठिव, दिवं लागल्यात, झ्याक दिसतंय," म्हणाले आणि मूठभर भंडारा उधळला.

आप्पांनी गेम लावायला सांगितला आणि मागच्या बाजूला हात धरला. "पंखा बोंबलतोय, पन वारं भाईर येत न्हाई." झाकण उघडलं. पंख्यामागची जाळी पिवळीधमक! हळद धुळीत मिसळून थापून बसली होती.

आबांचा चेहरा पडला. फायनल गेली तर गेली, पण आबांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

"माझ्या भंडाऱ्यानं झालं व्हय, आप्पा?"

खोटं बोलणं आप्पांना जमायचं नाही. "व्हय. चालू मशिन समोरचं समदं वढून घेतं. पुढल्या बारीला बंद करून पूजा करा." मग त्यांनी धूळ उडवायचा ब्लोअर उचलला आणि परत ठेवून दिला. ब्रशनं, हलक्या हातानं, सगळी हळद कागदावर उतरवली. चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावली, मग आबांच्या.

"देवाचं हाय. फुकून कसं द्यायचं?"

एवढा मोठा माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

आतल्या चिपवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावून पंखा बसवला, गेम लावला आणि आप्पा कितीतरी वेळ मागे हात धरून उभे राहिले. गरम वारं बाहेर यायला लागलं. "आता श्वास घेतंय. जा, खेळ जा."

मशिन एकदाही बंद पडलं नाही. आम्ही हरलो, ती गोष्ट वेगळी.

यंदा दसऱ्याच्या आधीच आप्पा गेले. दसऱ्याच्या सकाळी आबांनी मला कॉम्प्युटर बंद करायला लावला, पंखा थांबेस्तोवर वाट पाहिली, मग भंडारा वाहिला. थोडा पुडीत बांधला. "शिरूरला चल," म्हणाले.

दुकानाचं शटर खाली होतं. आबांनी चिमूटभर भंडारा कुलपाला लावला आणि हाताची पालथी बाजू शटरवर टेकवली. बराच वेळ काढलीच नाही.