बाबांचे बोलके फोटो

अपडेट करा, अपडेट करा असं म्हणत तो संगणक आठवडाभर माझं डोकं खात होता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना मी वैतागून एकदाचं ‘हो’ दाबलं. परत आले तर पडदा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात नाव नि पासवर्ड विचारणारी पांढऱ्या अक्षरांची एक ओळ.

माझ्या एकटीचा संगणक असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण त्यात बाबांचं बोलणं होतं. पक्षाघातात त्यांची वाचा गेली, अक्षरओळखही गेली. फोटो मात्र ते ओळखायचे. म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून मी पडद्यावर मोठमोठे फोटो मांडले होते. त्यांचा पेला, पंखा, संडास, सांडोर गावातली आमची केळीची वाडी. माऊस फोटोवर नेला की त्यांचाच आवाज यायचा. घरच्यांच्या मोबाइलमधल्या जुन्या व्हिडिओंतून मी तो शब्दाशब्दाने कापून घेतला होता. ‘पानी दे’च्या मागे तर वाडीतल्या पंपाची घरघरही आहे.

पासवर्ड घालून बघितलं तर आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त दिसत काही नव्हतं. पडद्यावर चित्र आणणाऱ्या आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीने काढून टाकला होता. मी तो पुन्हा घातला, चालेना. दुसरा घातला, तरी पडदा काळाच. इंटरनेटवर एका शहाण्याने माझ्यासारख्याच कुणाला सुनावलं होतं की इतकं जुनं कार्ड आता कुणी सांभाळत नाही, नवीन घ्या. मला त्याचा इतका राग आला की मी फोन पलंगावर फेकला.

ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चालत नाही. मोबाइलवर बाबांचं बोट थरथरतं, भलताच फोटो दाबला जातो. ते खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. आई अंदाजाने विचारत राहायची, पंखा लावू का, आडवं व्हायचंय का. तिचं चुकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मंगळवारपर्यंत त्यांनी हात उचलणंही सोडलं.

त्या संध्याकाळी, निदान आवाज तरी वाजतोय का बघावं म्हणून मी काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली. स्पीकरमधून पंपाची घरघर आली आणि पाठोपाठ बाबांचा खणखणीत आवाज.

“पानी दे.”

आई स्वयंपाकघरातून पेला भरून धावतच आली. संगणक दुरुस्त झाला, बाबा पुन्हा बोलायला लागले, असं तिला वाटलं. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला खरं सांगवेना.

“बघ, मागितलं की नाही,” ती मला म्हणाली.

बाबांनी काहीच मागितलं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि ते पेलाभर पाणी घोटाघोटाने सगळं प्यायले.