कुडपणच्या सहाणेवरचा खुलासा

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माझे टेबल बंद केले, म्हणजे त्यावर निळे प्लास्टिक अंथरून चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि प्रवासास निघालो. महाडच्या कचेऱ्यांसमोर गेली सव्वीस वर्षे मी अर्ज, विनंत्या, तक्रारी आणि खुलासे लिहीत आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले, तरी माझा मजकूर वाचून पदवीधर अधिकाऱ्यांनी ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारल्याची उदाहरणे आहेत. असा माणूस सहसा अर्जदाराकडे जात नाही; अर्जदारच त्याच्याकडे येतो. परंतु त्या दिवशी अर्जदार डोंगरावर होती आणि तिचा खुलासा सायंकाळी पाचच्या आत दाखल व्हावयाचा होता.

मला न्यावयास तुडीलचे हमीदभाई आले होते. बारा वर्षे आखातात ट्रेलर चालवून ते परतले आणि आता स्वतःची जीप चालवतात. त्यांचा मुलगा तिकडच्या एका बंदरावर क्रेनवर आहे. त्याच बंदरावर, त्याच्याच खोलीत, कुडपणच्या सुनंदाचा धाकटा भाऊ राहतो. या एका खोलीमुळे तुडील आणि कुडपण ही दोन गावे एकमेकांची सोयरी झाली आणि त्यातूनच ‘माळावरून बोलते’ ही वाहिनी जन्मास आली. वाहिनी म्हणजे सुनंदाचा फोन. हमीदभाई आखातातील कामगारांकडून खबर आणतात आणि सुनंदा ती रोज दुपारी बारा वाजता सांगते.

परदेशात, त्याच बंदराच्या आसपास, जी लढाई चालू आहे तिचा जयजयकार आपल्या मोठ्या वाहिन्यांवर सकाळसंध्याकाळ चालतो, हे वाचक जाणतातच. मोठ्या खुर्च्यांवरील मंडळीही त्याच सुरात सूर मिळवतात. कुडपणची ही बाई मात्र त्यांना रोज एकच प्रश्न विचारते: दुसऱ्याच्या लढाईला पाठिंबा देताना, तिथे राबणाऱ्या आमच्या माणसांना कोणी विचारलं होतं का? कोणीतरी यावर तक्रार केली. एका कार्यालयाने (नाव मी धंद्याच्या शिस्तीस अनुसरून सांगत नाही) नोटीस काढली, की जनमत बिघडविणाऱ्या मजकुराबाबत सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा वाहिनी बंद करण्याची कार्यवाही होईल. वाहिनीचा पत्ता हमीदभाईंच्या घरचा असल्याने नोटीस तेथे पोहोचली आणि घरच्यांनी ती लाइटबिल समजून खिळ्याला अडकवली. तेथे ती सहा दिवस लटकली. हा सातवा दिवस होता.

“लिवलंय ना सगळं?” जीप सुरू करताना हमीदभाईंनी विचारले.

“लिहिलेले आहे. तीन प्रतींत. केवळ अर्जदाराची सही बाकी आहे.”

“मग बसा घट्ट. आज गाडीला ब्रेक हाय असं समजू नका.”

महाड ते पोलादपूर हा महामार्ग आता इतका रुंद झाला आहे की, बोलण्यास विषय सुचण्यापूर्वीच पोलादपूर येते. तेथे आम्ही उभ्याउभ्याने वडापाव खाल्ला. मी टॅक्सीस्टँडसमोर तिखट चटणी अंमळ जास्त घेतली आणि पुढचे चार किलोमीटर तोंड खिडकीबाहेर ठेवून प्रवास केला. त्यामुळे घाटाची सुरुवात मला फार जवळून पाहता आली.

महाबळेश्वरकडे चढणारा रस्ता सोडून आम्ही कुडपणच्या फाट्याला वळलो. पाऊस नुकताच सरला होता. उतारावर नाचणी आणि वरी डोलत होती, बांधांवर पिवळी सोनकी फुलली होती, आणि प्रत्येक वळणावर पाण्याची एखादी पांढरी रेघ कड्यावरून स्वतःला खाली झोकून देत होती. मी बावन्न वर्षांचा आहे. पोलादपूर तालुक्यातील शेकडो माणसांच्या जमिनींच्या चतुःसीमा मी अर्जांत लिहिल्या आहेत. ‘पूर्वेस ओढा, पश्चिमेस कडा’ असे डोळे मिटून लिहू शकतो. परंतु तो ओढा आणि तो कडा प्रथमच समोर आला आणि मला कारण नसताना हसू फुटले. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिले आणि तेही हसू लागले. दोन वयस्क माणसे एकमेकांना कारण न विचारता दोन किलोमीटर हसत राहिली, असा प्रसंग मला पूर्वी आठवत नाही.

पठारावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मी जीपमधून उतरताच सुनंदाने, म्हणजे आमच्या अर्जदाराने, पदर तोंडाला लावला. मुंबईत दहा वर्षे खाणावळीत काम करून गावी परतलेली ही पस्तिशीची बाई. प्रथम भेटीत तिने हसावे हे मला रुचले नाही.

“भाऊसाहेब, तुमी मागनं निळे झालाव.”

मी कार्बनपेपरवर बसून आलो होतो. माझ्या पांढऱ्या पँटीची मागची बाजू आकाशासारखी झाली होती. “असू द्या. सही करा,” मी म्हणालो आणि कागद पुढे केले.

“अशी कशी करू? आधी सहाणेवर वाचायला लागतो.”

तेव्हा मला गावचा रिवाज कळला. कुडपणात कागद कोणाचाही असो, सही होण्यापूर्वी तो सहाणेवर (देवळापुढच्या ओट्यावर) मोठ्याने वाचला जातो आणि गावकीने (सर्व घरांच्या बैठकीने) ‘बरोबर हाय’ म्हटल्यावरच त्यावर पेन टेकते. पूर्वी कधीतरी गावाने न वाचता अंगठे दिले होते आणि त्याचे परिणाम भोगले होते, एवढेच मला सांगण्यात आले. माझ्या मजकुरास कोणाच्या तपासणीची आवश्यकता नसते. परंतु माझे लेखन आजवर टेबलापलीकडे कोणी मोठ्याने वाचले नव्हते, आणि ते ऐकावयास एक गाव जमणार या कल्पनेने मी मनातून हरखलो, हेही मी लपवीत नाही.

आधी जेवण झाले. नाचणीची गरम भाकरी, कुळथाची पिठी, भाजलेले सुकट आणि कांदा. पोलादपूरच्या चटणीचा सूड घ्यावा तसा मी जेवलो. बरोबर बारा वाजता सहाणेच्या कडेला, जेथे नेटवर्क सापडते तेथे, वरीच्या पोत्यात खोचून फोन उभा करण्यात आला. समोर तीस-चाळीस माणसे बसली.

“राम राम, सलाम,” सुनंदा फोनला म्हणाली. “आज आपल्या वाहिनीला आलेल्या नोटिशीचा खुलासा हाय. महाडचे भाऊसाहेब वाचतील. ऐका.”

खुलासा थेट प्रक्षेपित होणार हे मला कोणी सांगितले नव्हते. आता मागे हटणे शक्य नव्हते, विशेषतः मागची बाजू निळी असताना. मी घसा साफ केला.

“‘मा. महोदय यांचे सेवेशी. विषय: खुलासा सादर करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय निवेदन करते की...’”

वाऱ्यावर माझी वाक्ये पठारभर फिरू लागली. ‘दूरच्या देशातील लढाईस येथील प्रतिष्ठितांनी दर्शविलेला पाठिंबा’ हे कलम मी वाचले तेव्हा मागून कोणीतरी “वा रे वा” म्हणाले. ‘सदर बंदर मोठ्या वाहिन्यांच्या नकाशावर लाल रंगविताना तेथे राबणाऱ्या इसमांचा विचार झालेला नाही’ या वाक्यावर चक्क टाळ्या पडल्या. सुनंदा फोनकडे पाहून म्हणाली, “तिकडनं आपली पोरं लिवतायत, हा मानूस कोन? आवाज वाढवा.” मी वाढविला. मी जमिनीपासून बोटभर वर असल्याचा भास मला होत होता.

अशा अवस्थेत मी शेवटच्या परिच्छेदास पोहोचलो. “‘तरी सदर प्रकाराबद्दल अर्जदार बिनशर्त दिलगिरी व्यक्त करीत असून, पुन्हा असा प्रकार घडणार नाही अशी हमी देत आहे.’”

टाळी पडली नाही. पुढे बसलेल्या भागाबाईंनी, ज्या गावात सर्वांत वयस्क आहेत, हात वर केला.

“थांब रे बाबा. ही दिलगिरी कोनाची?”

“अर्जदाराची.”

“सुनंदाची? का गो, काय केलंस तू?”

“मी काय नाय केलं, आये.”

“मग भाऊसाहेब, पुन्यांदा काय घडणार नाय?”

“ही पद्धत आहे,” मी म्हणालो. “प्रत्येक खुलाशाच्या शेवटी हे वाक्य असते.”

“चूक नसली तरी?”

“चूक असो वा नसो.”

“म्हंजे माझी कोंबडी हरवली, तरी मीच माफी मागायची?” भागाबाई म्हणाल्या आणि सहाण हास्याने फुटली. हमीदभाई पोट धरून पोत्याला टेकले, फोन आडवा झाला, आणि आखातातील श्रोत्यांना काही काळ केवळ आकाश दिसले.

हास्य ओसरल्यावर मी माझी बाजू मांडली, कारण ती खरी होती. “हे वाक्य ठेवलेत तर प्रकरण आजच बंद होईल. साहेब शेरा मारतील आणि फाइल कपाटात जाईल. वाक्य काढलेत तर सुनावणी लागेल, कदाचित वाहिनीही बंद होईल. सव्वीस वर्षांचा अनुभव सांगतो.”

सुनंदाने फोन उभा केला आणि माझ्याकडे वळली.

“भाऊसाहेब, हमी दिली तर उद्या बारा वाजता मी काय बोलू? माझा भाव तिथं बंदरावर हाय. चहाची सुट्टी झाली की आमचंच ऐकतो. त्याला सांगू, की आता मी इचारणार नाय?”

हमीदभाई जमिनीकडे पाहत होते. “पोरगा माझा पन हाय,” ते हळूच म्हणाले. “वाक्य काढा.”

“बरोबर हाय,” भागाबाई म्हणाल्या. “बरोबर हाय,” मागून गाव म्हणाले.

मी पेन उघडले, शेवटची ओळ खोडली आणि थांबलो. वाचकहो, मला पुढे काय लिहावयाचे तेच ठाऊक नव्हते. हजारो खुलासे मी लिहिले; त्या वाक्याशिवाय खुलासा संपतो कसा, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

“मी सांगते तसं लिवा,” सुनंदा म्हणाली. “आमी एक प्रश्न इचारलाय. त्याचं उत्तर अजून आलं नाय.”

मी लिहिले: ‘अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अद्याप प्राप्त झालेले नाही. ते प्राप्त होईपर्यंत अर्जदार सदर प्रश्न विचारीत राहील.’ हे वाचून दाखविताच जो गलका उठला, त्याने देवळावरचे पारवे उडाले. तिन्ही प्रती मी सहाणेवर पालथे पडून नव्याने लिहिल्या आणि सुनंदाने वळणदार अक्षरात सही केली. निघताना भागाबाईंनी माझ्या पिशवीत वरीचे तांदूळ ओतले आणि म्हणाल्या, “अक्षर झकास हाय तुझं. आता डोस्कं पन वापर.”

उतरताना अरुंद वळणावर एसटी समोर आली. कोणी मागे घ्यावयाचे यावर दोन्ही चालकांत दहा मिनिटे चर्चा झाली. शेवटी एसटीचा चालक डोकावून म्हणाला, “मघाशी फोनवर वाचत व्हते ते हेच का? मग सांगायचं ना!” आणि त्याने ती अवाढव्य गाडी मागे घेतली. आतील प्रवाशांनी मला हात केला. मी मंत्र्यासारखा हात हलविला.

कार्यालयात शिरलो तेव्हा पाचला बारा मिनिटे होती. टेबलावरील लिपिक माझ्या ओळखीचे. त्यांनी कागद खालपासून वाचला, कारण अनुभवी माणूस खुलासा तसाच वाचतो.

“शेवट राहिलाय तुमचा.”

“राहिलेला नाही. काढलेला आहे.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “अहो, तुमचंच अक्षर आहे. जागा आहे खाली. एक ओळ टाका, आत्ता निकाली काढतो. ती बाई काय इथे बघायला येणार आहे?”

पेन माझ्या हातात होते. जागाही होती; मला मोकळी जागा पाहवत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. मी वाकलो आणि तेथे लिहिले: ‘लेखनकर्ता’, आणि खाली माझे संपूर्ण नाव. सव्वीस वर्षांत कोणत्याही खुलाशावर मी स्वतःचे नाव घातले नव्हते.

“सुनावणी लागेल,” लिपिक म्हणाले.

“लावा. मी येईन. गावही येईल. ऐकण्याची त्यांना सवय आहे, तेव्हा मोठी खोली घ्यावी ही विनंती.”

त्यांनी पोच म्हणून शिक्का मारला. सुनावणीची तारीख अद्याप यावयाची आहे. शनिवारी दुपारी बारा वाजता सुनंदा नेहमीप्रमाणे बोलली आणि मी टेबलावर फोन ठेवून ऐकले. वाहिनी राहील की जाईल हे मला सांगता येत नाही; परंतु एवढा आनंद मी कोणत्याही निकाली निघालेल्या प्रकरणात अनुभवलेला नाही.

प्रवासाने माणूस बदलतो असे म्हणतात. माझ्यापुरते मी इतकेच नमूद करतो की, सोमवारी बिरवाडीचा एक कामगार आला. त्याला कामावरून खुलासा मागितला होता. मी कागद घेतला, तारीख घातली, आणि मग पेन खाली ठेवून विचारले, “तुमची चूक झाली आहे का?”

“हे मला कोनी इचारलंच नाय हो,” तो म्हणाला, समोरचे स्टूल ओढून बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.